व्हिडिओ मॅग्निफायर घेतला, आता वापरायचा कसा?

दुकानदार येतो, छापील मजकूर पडद्यावर मोठा करून दाखवणारं हे यंत्र जोडतो, झूमचं बटण दाखवतो आणि बिल देऊन जातो. आजोबा दोन दिवस पेपरातले मथळे वाचतात. तिसऱ्या दिवशी डोकं जड होतं, पडद्यावरची अक्षरं पळताना बघून गरगरायला लागतं, आणि आठवड्याभरात यंत्रावर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी टाकली जाते. मग घरात सगळे म्हणतात, "एवढे पैसे घातले, पण उपयोग नाही झाला."

यंत्रात बहुतेक वेळा दोष नसतो. झूम करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं कसब आहे ते कागद सरकवण्यात, ओळ न सोडण्यात आणि कमीत कमी किती झूमवर आपलं भागतं ते शोधण्यात. तेवढंच नेमकं कुणी शिकवत नाही. म्हणून हा लेख, कमी दिसणाऱ्या माणसासाठी आणि त्याला शिकवायला शेजारी खुर्ची ओढून बसणाऱ्या सुनेसाठी, मुलासाठी, नातीसाठीही.

यंत्राची कल्पना साधी आहे: कॅमेरा कागदाकडे बघतो आणि पडद्यावर मोठं चित्र दाखवतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये सॅम्युएल जेनेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोज्ड सर्किट टीव्ही वापरून वाचनाचं असं यंत्र तयार केलं. जेनेन्स्की गणितज्ञ होते आणि त्यांना स्वतःला फार कमी दिसायचं. या क्षेत्रातली जुनी मंडळी अजूनही याला 'सीसीटीव्ही'च म्हणतात, तेव्हा दवाखान्यात तो शब्द ऐकून गोंधळू नका. साध्या भिंगापेक्षा याचा मोठा फायदा असा की जास्त ताकदीचं भिंग डोळ्याजवळ आणि कागदाला जवळपास चिकटवून धरावं लागतं, इथे पाठ टेकून बसता येतं. शिवाय रंग उलटे करता येतात, जे कुठलंही भिंग करू शकत नाही.

कोणतं यंत्र कशासाठी

टेबलावरच्या यंत्राला साधारण २० ते २४ इंची पडदा, वर कॅमेरा आणि खाली चारही दिशांना सरकणारा ट्रे असतो. रोज पेपर, पुस्तक, बिलं, हिशेब बघायचे असतील तर हेच घ्या. हातात मावणारं यंत्र साडेतीन ते सात इंची पडद्याचं असतं. ते दुकानातली किंमत, औषधाची बाटली, लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त अशा फुटकळ वाचनासाठी. तिसरा प्रकार घडी घालून नेता येणारा. त्याचा कॅमेरा फळ्याकडे वळवता येतो, म्हणून विद्यार्थ्यांना सोयीचा.

हातातल्या यंत्रावर कादंबरी वाचायचा हट्ट धरू नका. ५ इंची पडदा साधारण ११ सेंमी रुंद भरतो. ५ पट झूम केलं की कागदाचा जेमतेम सव्वादोन सेंमी भाग दिसणार, म्हणजे दीड-दोन शब्द. अशानं माणूस दोन परिच्छेदांत वैतागतो.

बसवताना

टेबल खोल हवं. ट्रे तुमच्या दिशेनं बराच बाहेर येतो, आणि कडेला लावलेलं यंत्र असेल तर तो सरळ पोटावर आदळतो. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा, ट्रे कोपराच्या उंचीला. खिडकी बाजूला येईल असं बसा. खिडकी पाठीमागे असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं, समोर असेल तर उजेड थेट डोळ्यांत येतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचीही रेघ पडद्यावर दिसत असेल तर यंत्र थोडं वळवून बघा.

मग चष्मा. हा मुद्दा इतका दुर्लक्षित आहे की त्यावर जरा थांबतो. बायफोकल चष्म्यात वाचनाचा नंबर खालच्या भागात असतो, आणि पडदा असतो समोर. मग माणूस हनुवटी वर करून बघतो आणि अर्ध्या तासात मान धरते. उपाय असा: नेहमीच्या जागी आरामात बसल्यावर डोळ्यापासून पडदा किती दूर आहे ते टेपनं मोजा, तो आकडा चिठ्ठीवर लिहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून त्या अंतरासाठी वेगळा चष्मा मागा. अंतर ४० सेंमी असेल तर वयस्कर माणसाला दूरच्या नंबरात साधारण +२.५०ची भर लागते. पंचवीस-तीस सेंमीसाठी बनवलेला वाचनाचा चष्मा इथे कामाचा नाही.

आणि जवळ सरकून बसायला घाबरू नका. ४० सेंमीवरून २० सेंमीवर आलात की डोळ्याला तेच अक्षर दुप्पट मोठं दिसतं, झूमचं बटण न दाबता. फक्त त्या अंतराला चष्मा जुळायला हवा. "जवळून बघितल्यानं डोळे खराब होतात" हे घरातलं पेटंट वाक्य या ठिकाणी विसरून जा.

झूम किती?

पेपरातली साधी बातमी ट्रेवर ठेवा. झूम अगदी कमी करा आणि हळूहळू वाढवा. ज्या क्षणी शब्द कसेबसे, डोळे ताणून ओळखू येतात तिथे थांबा. पडद्यावरच्या अक्षराची उंची पट्टीनं मोजा. ही तुमची किमान मर्यादा. या आकाराला अक्षर लागतं, वाचन होत नाही. सलग वाचायला साधारण याच्या दुप्पट मोठं अक्षर लागतं, म्हणून तिथपर्यंत वाढवा आणि वाचायला सुरुवात करा. पुढे सराव झाला की दर थोड्या दिवसांनी झूम एक घर कमी करून बघा. बरेच लोक खाली येतात आणि वेग वाढतो.

कमी झूमवर इतका जोर का? २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंमी रुंद असतो. १० पट झूमवर कागदाचे ५.३ सेंमी दिसतात, म्हणजे पेपरातला एक अरुंद कॉलम जवळजवळ पूर्ण मावतो आणि ट्रे फक्त पुढे सरकवला की काम भागतं. २० पटीवर दिसणार २.६ सेंमी. ए-फोर कागदावरची टाइप केलेली ओळ १६ सेंमी धरली तर एका ओळीत पडदा सहा वेळा भरणार आणि प्रत्येक ओळीनंतर तेवढंच मागे यायचं. झूम दुप्पट केलं की एका वेळी दिसणारा कागद पावपट होतो. मुलगा प्रेमापोटी "बाबा, अजून मोठं करू का?" म्हणतो, तेव्हा तो बाबांचं वाचन अवघड करत असतो.

यंत्रावर दिसणाऱ्या '१५ पट' वगैरे आकड्यावर विसंबू नका. तो ठरावीक पडद्यासाठी धरलेला असतो. खरं मोजायचं तर कागदावरचं अक्षर २ मिमी आणि पडद्यावर तेच ३० मिमी असेल, तर १५ पट. यंत्र मोठ्या टीव्हीला जोडलं की आकडा तोच राहतो आणि अक्षर मात्र मोठं होतं.

ट्रे सरकवायला शिकणं

इथे खरा घाम गाळायचा. पहिल्या दिवशी वाचायचंच नाही, असं मी सांगतो. एका कोऱ्या कागदावर जाड मार्करनं चार ओळी आखा, कोपऱ्यांत १ ते ४ आकडे लिहा आणि कमी झूमवर नुसतं फिरा. ट्रे डावीकडे ढकलला की तुम्ही ओळीत उजवीकडे जाता. ट्रे समोर, म्हणजे स्वतःपासून दूर ढकलला की खालची ओळ येते. डोक्याला हे सुरुवातीला उलटं वाटतं. हात दोन-तीन बैठकांत शिकतो, मग विचार करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, आधी पानाचा अंदाज घ्या. सगळ्यात कमी झूमवर मथळा कुठे, फोटो कुठे, कॉलम किती, हे पाहून घ्या. हवी ती बातमी सापडली की तिच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवा. आता झूम वाढवा. बोट पडद्यावर दिसतंय म्हणजे तुम्ही योग्य जागी आहात. बोटाची ही युक्ती फार कामाची आहे. विजेच्या बिलावर एकूण रक्कम शोधताना तिच्याशिवाय माणूस चौकटींच्या जंगलात हरवतो.

तिसरी गोष्ट ओळ बदलण्याची. ओळ संपली की तिरकं खाली उडी मारू नका. त्याच ओळीवरून उलट, सुरुवातीपर्यंत परत या, पहिला शब्द ओळखा आणि मग ट्रे एक ओळ पुढे ढकला. वेळखाऊ वाटतं, पण ओळ चुकून तीच दोनदा वाचण्यापेक्षा हे लवकर होतं. बहुतेक ट्रेंना समासाचे अडथळे असतात. डावीकडचा अडथळा ओळीच्या सुरुवातीला बसवला की परत येताना ट्रे तिथे आपोआप थांबतो. ट्रेला घर्षणाचा ब्रेकही असतो. तो अर्धवट आवळला की ट्रे जड चालतो आणि थरथरत्या हाताचे झटके पडद्यावर उमटत नाहीत. पार्किन्सन असलेल्यांना याचा विशेष उपयोग.

आता नजर. आपली सवय डोळे ओळीवरून फिरवायची. जास्त झूमवर मात्र डोळे एका जागी स्थिर ठेवून मजकूर त्यांच्यासमोरून जाऊ द्यायचा असतो, रेल्वेच्या फलाटावर पुढे सरकणारी इंडिकेटरवरची अक्षरं वाचतो तसा. अक्षरांच्या मागे डोळे धावू लागले की मळमळ सुरू होते. म्हणून सुरुवातीला १०-१५ मिनिटांच्याच बैठका ठेवा, दिवसातून दोनदा. मध्येच गरगरलं तर ट्रे थांबवा, खोलीतल्या स्थिर वस्तूकडे बघा, पापण्या मिटा-उघडा, पाणी प्या. बहुतेकांचा हा त्रास सरावानं कमी होतो.

पोथी वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. पोथीचं पान आडवं आणि ओळ लांबलचक असते, त्यामुळे ट्रे पूर्ण सरकूनही टोकाचे शब्द कॅमेऱ्याखाली येत नाहीत. पान ट्रेवर मधोमध न ठेवता आधी डाव्या अर्ध्याची, मग उजव्या अर्ध्याची जागा आखून घ्या, किंवा मोठ्या ट्रेचंच यंत्र निवडा.

रंग, उजेड आणि देवनागरीची गंमत

काळ्यावर पांढरं, काळ्यावर पिवळं, निळ्यावर पिवळं अशा जोड्या यंत्रात असतात. ज्यांना चकाकी सहन होत नाही, म्हणजे मोतीबिंदू, बुबुळावरचा डाग, त्वचा-केस पांढरे असण्याचा अल्बिनिझम, त्यांना काळ्या पार्श्वभूमीवरची फिकी अक्षरं बहुतेक वेळा सुखाची वाटतात, कारण पडद्यातून येणारा एकूण उजेडच कमी होतो. पण नियम म्हणून कुणावर लादू नका. प्रत्येक जोडीवर एकच उतारा वाचायला द्या आणि "छान कोणती दिसते?" ऐवजी "दमायला कशात कमी होतं?" असं विचारा.

हे जोरदार कॉन्ट्रास्टचे मोड कागदावरचं फिकं काहीही सरळ उडवून देतात किंवा गडद करतात, मधलं काही ठेवत नाहीत. इंग्रजीत एखादा फिका टिंब गेला तर फारसं बिघडत नाही. आपल्याकडे अनुस्वार गेला की 'भांडं'चं 'भाडं' होतं. नोटिशीत हा फरक महागात पडेल. मजकूर विचित्र लागला की एकदा साध्या रंगीत मोडवर जाऊन तो शब्द तपासा. बँकेच्या पासबुकावरची फिक्या शाईची छपाईही असाच घोळ करते. तिथे ८ की ३ हे साध्या मोडवरच बघा.

काही यंत्रांत ओळीच्या वर-खालचा मजकूर पट्ट्यांनी झाकून एकच ओळ दिसेल अशी सोय असते. तिची फट रोमन लिपीच्या हिशेबानं अरुंद ठेवली तर वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार कापले जातात. फट इतकी ठेवा की शिरोरेषेच्या वरचं आणि अक्षराच्या खालचं सगळं मोकळं दिसेल.

नोटा ओळखताना नेहमी रंगीत मोड. नव्या मालिकेत १००ची नोट जांभळट, २००ची पिवळी, ५००ची राखाडी आहे. काळ्या-पिवळ्या मोडवर ही खूणच जाते.

औषधाची स्ट्रिप

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. चंदेरी फॉइलवर यंत्राचा दिवा पडतो आणि पडद्यावर नुसता पांढरा झोत. यंत्राचा दिवा बंद करता येत असेल तर बंद करा. स्ट्रिप एका बाजूनं पेन्सिलीवर टेकवून तिरकी करा, म्हणजे झोत कॅमेऱ्याबाहेर जातो. 'एक्सपायरी'ची तारीख कित्येकदा शाईनं न छापता फॉइलच्या कडेला दाबून उठवलेली असते. तिला समोरचा उजेड चालतच नाही. फोनचा टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर, कडेकडून मारा. उठावाच्या एका बाजूला सावली पडते आणि आकडे एकदम उभे राहतात. स्ट्रिप वाकडी असल्यानं फोकस सारखा हलत असेल तर बारीक फ्रेमखाली किंवा दोन पट्ट्यांखाली ती दाबून धरा. एकदा नीट दिसलं की 'फ्रीझ' दाबा आणि सावकाश वाचा. गोळ्या ओळखणं या एका कामासाठी हातातलं यंत्र टेबलावरच्यापेक्षा सरस ठरतं, कारण ते तिरकं धरता येतं.

लिहिणं आणि सही

झूम कमी करा, वाचनाच्या निम्म्यावर आलात तरी चालेल. कागदावर हात आणला की ऑटोफोकस हाताकडे धावतो आणि अक्षर धूसर होतं, तेव्हा आधी कागदावर फोकस लावून 'फोकस लॉक' दाबा. जाड टोकाचं काळं जेल पेन घ्या. नजर पडद्यावर, हात खाली: पहिल्या दिवशी पेन भलतीकडेच उतरतं. सुरुवात रेघेवर टिंबं देण्यानं करा, मग रेघा, मग नाव. चेक किंवा पेन्शनच्या अर्जासाठी पोस्टकार्डाला सहीच्या आकाराची खिडकी कापा आणि ते योग्य जागी ठेवून सही करा. चौकटीबाहेर गेलेल्या सहीवरून काउंटरवर होणारी हुज्जत वाचते.

याच पद्धतीनं नखं कापणं, सुईत दोरा ओवणं, ग्लुकोमीटरचा आकडा बघणं, तांदूळ निवडणं सगळं जमतं. तांदळासाठी ट्रेवर काळा कागद ठेवा.

आजाराप्रमाणे फरक

वयोमानानं होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, झिजेत नजरेच्या मधोमध डाग असतो. सरळ बघितलेलं अक्षरच गायब होतं. असे लोक किंचित वर, खाली किंवा बाजूला बघून वाचायला शिकतात. ती जागा लो व्हिजन, म्हणजे कमी दृष्टीच्या, तज्ज्ञाकडून शोधून घ्यावी. त्यांना झूम जास्त लागतं. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजार) यांमध्ये उलट असतं: नळीतून बघितल्यासारखं मधलंच दिसतं, त्यामुळे अक्षर फार मोठं केलं की ते नळीबाहेर जातं. इथे कमी झूम, चांगला उजेड आणि पडद्यापासून थोडं लांब. मधुमेहात रक्तातल्या साखरेप्रमाणे नजर दिवसागणिक बदलू शकते, कालचं झूम आज पुरलं नाही तर यंत्राला दोष देऊ नका.

फोन चालणार नाही का?

थोड्या कामाला चालतो. आयफोनमध्ये 'मॅग्निफायर' आधीपासूनच असतो. त्यात रंग उलटे करणं, फोकस लॉक, चित्र गोठवणं सगळं आहे. अँड्रॉइडवर तशी ॲप्स मिळतात. मानेसारखा वळणारा फोन स्टँड आणला तर घरचं छोटं यंत्र तयार होतं. मात्र फोन वाय-फायवरून टीव्हीवर दाखवलात तर चित्र क्षणभर उशिरा येतं. नुसतं बघायला ठीक, लिहायला अशक्य. तिथे केबलच हवी. संगणकावरचं वाचायला वेगळं यंत्र नको: विंडोजमध्ये विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग सुरू होतं, विंडोज की आणि एस्केपनं बंद.

पैसे घालण्याआधी

टेबलावरचं चांगलं यंत्र लाखाच्या घरात जातं, तेव्हा आधी लो व्हिजन केंद्रात बसून वापरून बघा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत असं केंद्र आहे, आणि आपल्याकडच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांतही चौकशी करा. जाताना स्वतःचं सामान न्या: स्थानिक पेपर, पासबुक, औषधाची स्ट्रिप, आपली पोथी. कंपनीनं ठेवलेला चकचकीत नमुना कागद कुठल्याही यंत्रावर छानच दिसतो. यंत्र वाचून दाखवणारं असेल तर मराठी मजकूरच द्या. 'ळ', 'ऱ्या' आणि जोडाक्षरं असलेला उतारा हिंदी आवाजात कसा ऐकू येतो ते कळेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर ती 'लो व्हिजन'मध्ये मोडते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. सहाय्यक साधनांसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे, तिची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करता येते. शिकणाऱ्या मुलांनी यंत्र परीक्षेत वापरण्याची परवानगी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी मागावी. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला होता.

कॅमेऱ्याची काच आठवड्यातून एकदा चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसा. स्वयंपाकघराजवळ यंत्र असेल तर तिथे तेलकट थर बसतो आणि सगळं धूसर दिसतं. काच पुसली, चष्मा पुसला, तरी अचानक झूम वाढवावं लागतंय, किंवा पेपरातल्या सरळ रेघा पडद्यावर वाकड्या दिसतायत, पण घरच्यांना त्या सरळच दिसतात, तर यंत्राच्या मेकॅनिकला बोलावू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा.